बेटम्याच्या चुलीतला कोळसा

बायकोची, शारदाची राख सावडताना अच्युतचे हात नुसते सवयीनं चालले होते. उत्खननात करायचा तसंच, बोट न लावता, त्यानं चिमट्यानं एक कोळसा उचलला आणि फॉइलमध्ये गुंडाळला. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ती पुडी ऑफिसच्या खणात पडून राहिली, बेटमा गावाजवळ खणून काढलेल्या चुलीतल्या कोळशाच्या पुडीशेजारी.

तेराव्यानंतर त्यानं हाताला आली ती पुडी कार्बन डेटिंगला पाठवून दिली. बायको गेली तरी रडू आलं नव्हतं. अजूनही येत नव्हतं.

आज त्याचा असिस्टंट मानस रिपोर्ट नाचवत आला. "सरजी, एकदम पक्की डेट! चार हजार साल जुनी आहे चूल. आज पोहे-जलेबी तुमच्याकडून!"

"मागव," म्हणत अच्युतनं पाकिटासाठी खण उघडला.

आतल्या पुडीवर त्याच्याच अक्षरातली चिठ्ठी होती : बेटमा, चूल.

म्हणजे लॅबला शारदाची पुडी गेली होती.

"किती म्हणालास?"

"चार हजार, सरजी. त्यांनी दोनदा चेक केलंय."

अच्युतनं खणातली पुडी उचलली.

बोटांना चटका बसला, जणू ती चूल आत्ताच विझली होती.