ऊमाच्या दारातला दिवा

कारूच्या माळावरच्या आमच्या दुर्बिणीला गावाचा उजेड नडतो. म्हणून वर्षभर दारोदार फिरून मी एकेचाळीस दिवे बंद करायला लावले.

नव्या छायाचित्रांत नेमक्या एकेचाळीस आकाशगंगा जागेवर नव्हत्या.

सगळे दिवे परत लावून घेतले. वर एकही परतली नाही.

बंद व्हायचा राहिला होता फक्त म्हाताऱ्या ऊमा कात्रीनाचा दिवा; ऊमा म्हणजे इकडे आजी. नवरा गेल्यापासून ती तो दिवसाही चालू ठेवायची. आज भरदुपारी धावत गेले.

"ऊमा, तुमचा राहू द्या."

"आता सांगतेस होय? वर्षभर डोकं खाल्लंस माझं. म्हटलं, पोरीचं मन राखू. आत्ताच बंद केला."

कॉफी ओतता ओतता ती दाराबाहेर बघत राहिली.

"कोंबड्या एवढ्यात खुराड्यात का गं शिरतायत?"