चाचणीचा लॅपटॉप

‘रुग्णाच्या उजव्या गुड...’ एवढं बोलून लॅपटॉप गप्प झाला. तिने कीबोर्डवरून हात उचलले. सकाळपासूनची ही तिसरी वेळ.

तिला दिसत नव्हतं. लॅपटॉपमधला आवाज पडद्यावरचं सगळं वाचून दाखवायचा आणि त्याच्या भरवशावर ती काम करायची. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकायचे आणि टाइप करून पाठवायचे. सात दिवसांची चाचणी होती. रोज वीस रिपोर्ट वेळेत गेले तर नोकरी पक्की. लॅपटॉप कंपनीनेच दिला होता. आज चौथा दिवस, आणि वीसचा आकडा एकदाही गाठता आला नव्हता.

तिने सुपरवायझरला फोन लावला.

“मॅडम, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण तुमचं बोट चुकून बंद करायच्या बटणावर पडत असणार. परवा आमच्या टेक्निशियनने तुमच्या घरी येऊन अर्धा तास चालवून पाहिला. ठणठणीत आहे.”

“माझं बोट कुठे पडतं ते मला कळतं,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर मात्र ती नुसतीच बसून राहिली. असा ठपका तिला नवा नव्हता. कपाटाचं दार कुणीही उघडं टाको, कपाळमोक्ष तिचा व्हायचा आणि वेंधळीही तीच ठरायची.

भावजय चहा घेऊन आली. “वन्सं, जाऊ द्या तो डबा. ह्यांना सांगते, नवा घेऊन या म्हणून.”

“नवा आणला तर बटण मीच दाबत होते असं ठरेल,” ती म्हणाली. “तुझ्या शिवणाच्या डब्यात अंगुस्तान आहे ना? दे बघू.”

दोघींनी मिळून ती शिवताना बोटात घालायची धातूची टोपी बटणावर पालथी घातली आणि वरून चिकटपट्टी लावली. आता हातोडा मारला असता तरी बटण दाबलं गेलं नसतं. दुपारी लॅपटॉप पुन्हा बंद पडला. तिला मनापासून बरं वाटलं. बोट तरी आरोपातून सुटलं.

मग तिने चार्जर काढून पाहिला. बंद. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावला. तरी बंद. पाचव्या दिवशी सकाळी तिने वाचणारा आवाज अगदी बारीक केला आणि काम करता करता यंत्राकडेच कान लावला. आत पंखा घुमत होता. इतके दिवस त्या घूं-घूंकडे तिने लक्षच दिलं नव्हतं. सुमारे तासाभराने बारीकसं ‘टक्’ वाजलं आणि घूं-घूं थांबली. लॅपटॉप चालूच होता. पण तिच्या डाव्या तळहाताखालचा भाग तापत गेला, तापत गेला, आणि सगळं एकदम बंद पडलं.

भावजयीने हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. “अगं बाई! चहाचं आधण ठेवावं याच्यावर.”

त्या दिवशी रिपोर्ट मागे पडले ते पडलेच. तिने फोनमध्ये एकेक नोंद बोलून ठेवली. टक् कधी वाजलं, बंद कधी पडला. कधी चाळीस मिनिटांनी वाजायचं, कधी दोन तासांनी. त्याचा नेम नव्हता. पण एकदा वाजलं की अकरा मिनिटं, फार तर बारा.

सहाव्या दिवशी भावजयीचा हात धरून ती कंपनीत पोचली. टेक्निशियनने लॅपटॉप चालू केला आणि आवाज बारीक करून त्याला एकामागून एक रिपोर्ट वाचायला लावले. अर्धा तास गेला. पाऊण तास गेला. सुपरवायझर पेनाने टेबलावर टकटक करत होता.

“पेन थांबवा जरा,” ती म्हणाली.

आता खोलीत फक्त वाचणारा बारीक आवाज आणि पंख्याची घूं-घूं उरली. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, “पंखा थांबला. आता घड्याळ लावा. अकरा मिनिटं.”

“चालू तर आहे,” टेक्निशियन म्हणाला.

“थांबा म्हणते ना.”

भावजयीने तिचा खांदा घट्ट धरला होता. दहा मिनिटं होऊन गेली, आणि लॅपटॉप एका शब्दाच्या मधेच गप्प झाला. त्याच्या आसपास कुणाचाच हात नव्हता.

टेक्निशियनने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि बराच वेळ आत पाहत राहिला. “पंख्याची वायर सैल आहे. तापली की सुटते, गार झाली की परत लागते. माझ्या अर्ध्या तासात हे कळणं शक्यच नव्हतं.” मग हळूच म्हणाला, “चुकलं माझं, ताई.”

सुपरवायझरने घसा खाकरला. “मॅडम, चाचणी झाली असं समजा. सोमवारपासून कामावर या.”

भावजयीला हसू आवरेना. ती उठलीच. “चला वन्सं.”

पण नणंद जागची हलली नाही. “हा लॅपटॉप तुम्ही कायम चाचणीसाठीच देता?”

“हो. त्यासाठीच वेगळा ठेवलाय.”

“माझ्याआधी कुणाकडे होता?”

रजिस्टरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो थांबला.

“तिघी जणी होत्या,” सुपरवायझर म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. “रोजचे वीस रिपोर्ट... एकीलाही जमले नाहीत. घरी पाठवलं त्यांना.”

टेक्निशियनने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

तिने पर्समधून फोन काढला. “तिघींचे नंबर सांगा. लावून मी देते, बोलायचं तुम्ही.”