पडकईतली माणसं

भाताच्या लावणीत माझ्या बायकोच्या, कांताच्या पायाला काच लागली, पाय सुजला, ताप चढला. कामशेतच्या डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट दिलं आणि बजावलं, ताप उतरला तरी सगळ्या गोळ्या संपवायच्या.

मी रोज विचारायचो, "गोळी घेतली का?"

"घेतली वो, किती इचारता," ती म्हणायची.

ताप उतरला तशी ती पुन्हा चिखलात उतरली. आमच्यात पडकई असते. आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात लावणी करायची, उद्या आमच्या. मग दुखणं उलटलं, विष अंगभर पसरलं, आणि पुण्याच्या दवाखान्यातून ती जिवंत परत आली नाही. मी गावभर सांगत सुटलो, डॉक्टरनं फसवलं, गोळ्या खोट्या होत्या.

दहाव्याला तिच्या पडकईतली नंदाबाई जवळ येऊन बसली.

 

"डॉक्टरला बोल लावू नका, भाऊ. गोळ्या खऱ्या व्हत्या. माझाबी पाय चिघळलेला, तर लावणीला माणूस कमी पडाया नको म्हणून कांतानं निम्मं पाकीट मलाच दिलं, त्यानंच तर बरी झाले मी."