शनिवारचं पितळ

बेल्जियममधल्या ईपरजवळ, म्हाताऱ्या गोदलीव्हच्या शेतघरात योरिसनं कपाळाला हात लावला. पहिल्या महायुद्धातल्या वस्तू जमवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. समोर तोफगोळ्याच्या पितळी नळकांड्याची फुलदाणी, पण सैनिकानं तिच्यावर खिळ्यानं ठोकलेलं नाव झिजून सपाट झालेलं. “मावशी, घासून घासून त्याचं नाव घालवलंत की हो!” “मग पितळ काळं ठेवायचं?” गोदलीव्ह फणकारली. “आजीची शिस्त होती. दर शनिवारी ती स्वतः घासायची. कुणी दिली, ते कधी बोलली नाही.” योरिसनं फुलं काढून आत हात घातला आणि थबकला. बाहेरून ठोकलेल्या खिळ्याचे उंचवटे आत शंभर वर्षं जसेच्या तसे होते. श्वास रोखून त्यानं आतून उलटं उमटलेलं एकेक अक्षर चाचपलं. “डंकन,” तो कुजबुजला. गोदलीव्हनं फुलदाणी जवळ ओढली. “डोळे गेल्यावर आजी तासन्‌तास ह्यात हात घालून बसायची. आम्ही म्हणायचो, म्हातारीला चळ लागलाय.”