शेवटचा ठिपका

भिंतीवरच्या देशाच्या नकाशात आज एकच लाल ठिपका उरला होता, आणि तोही नेमका त्यांच्याच शहरात. प्रमिला खलाटे चरफडत होत्या. घरोघरची शौचालयं लघवी आपणहून तपासू लागली, तेव्हापासून तीस वर्षं मूत्रमार्गाच्या संसर्गाचा आलेख त्याच सांभाळत होत्या. तो आज शून्यावर आला की संध्याकाळी घोषणा व्हायची होती.

"कोण ही बया? चौकाचौकात स्वच्छ शौचालयं दिली, आता तरी पाणी प्यायला काय होतं?"

त्यांची सहायक रेहाना हिने ठिपक्याचा पत्ता उघडून दोनदा वाचला. मग हळूच म्हणाली, "मॅडम, घर तुमचंच आहे."

दोन दिवसांची जळजळ प्रमिलाबाईंनी उन्हाळी लागली म्हणून सोडून दिली होती. टेबलावरची बाटली सकाळपासून तशीच भरलेली होती. तरुणपणी नमुने गोळा करत गावोगाव फिरताना कुठे आडोसा मिळायचा नाही, म्हणून त्या घोटभरच पाणी प्यायच्या. ती सवय काही सुटली नव्हती.

त्यांना हसू आवरेना. बाटली उघडत त्या म्हणाल्या, "घोषणा पुढच्या सोमवारी ठेव. आणि शेरा लिही, रुग्ण आजपासून पाणी पितेय."