सुराच्या खुणा

बाबा योरुबा भाषेचे प्राध्यापक. या भाषेत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, म्हणून अक्षरांवर सुराच्या खुणा देतात. निवृत्तीनंतरही कुणाची लग्नपत्रिका आली की शब्दांवर द्यायच्या राहिलेल्या खुणा लाल शाईने देऊन परत पाठवायचे. त्यांच्या शोकसभेत त्याच आठवणींवर सगळं इबादान शहर हसत होतं.

"फोलारिन, तू गप्प का? घरचा किस्सा सांग की!"

मला सांगवेना. माझेही मेसेज ते असेच सुधारून धाडायचे. मग एका सकाळी मला लागोसला त्यांचा मेसेज आला, "घरी ये." खूण एकही नाही! मी हसत लिहिलं, "शून्य मार्क, सर! आधी खुणा द्या, मग येतो."

दुपारी पुन्हा आला, "घरी ये." सगळ्या खुणा बिनचूक.

त्यांचं उजवं अंग सकाळीच लुळं पडलं होतं. त्या खुणा त्यांनी डाव्या हाताने दिल्या होत्या.