नाकाला नातेवाईक नसतात

"याला शिकवलं कुणी?" देसांकाने टेबलावरच्या यंत्राकडे बोट दाखवलं.

नोवी साद शहरातून यंत्र घेऊन आलेली तेओदोरा हसली. "या सभागृहाच्या कपाटात जपलेल्या स्पर्धेच्या जुन्या बाटल्यांनी, काकू. कुठली पहिली आली, कुठली शेवटची, सगळं हुंगवलंय. कृत्रिम बुद्धी आहे. बाई की पुरुष, याला कळतच नाही."

"म्हणजे स्वेतोझारकाकांचेच निकाल घोटून घेतलेत! मग हे तरी वेगळं काय सांगणार? पळसाला पानं तीनच."

सगळं सभागृह हसलं. गावच्या राकिया स्पर्धेत दरवर्षी राडोयको पहिला आणि देसांका शेवटची, हे पोराटोरांनाही पाठ होतं. प्लमची दारू गाळणं बाईचं काम नव्हेच, असं गावाचं ठाम मत. परीक्षक स्वेतोझारकाका तसे सचोटीचे. आधी डोळे मिटून चव घ्यायचे, मग चिठ्ठी उघडून नाव जाहीर करायचे. सख्ख्या जावयालाही त्यांनी कधी नंबर दिला नव्हता. तरी पक्षपाताची कुरकुर थांबेना, म्हणून यंदा हे यंत्र.

देसांका मात्र हट्टाला पेटली होती. यंदाही हरले तर बापाची तांब्याची भट्टी राडोयकोला देऊन टाकीन, असं ती भर चौकात बोलून बसली होती.

"भट्टी न्यायला ट्रॅक्टर घेऊनच आलोय, वहिनी," राडोयको म्हणाला.

"घोडामैदान जवळच आहे, भाऊजी."

यंदाच्या बाटल्या हुंगून यंत्र घुरघुरलं. तेओदोराने निकाल वाचला. पहिली देसांका, शेवटचा राडोयको.

"बिघडलंय ते!" राडोयको ओरडला.

तेओदोराने पुन्हा हुंगवलं. निकाल तोच. ती गोंधळून म्हणाली, "बिघाड नाही. आजवर पहिली आलेली एकूण एक बाटली काकूंच्याच भट्टीची आहे, म्हणतंय."

देसांका ताडकन उठली. "मेल्या, माझ्या बाटल्या चोरत होतास?"

"आईशप्पथ, हातसुद्धा लावला नाही!" राडोयको रडकुंडीला आला. "मला तर ती माझीच वाटायची!"

"अरे, भांडता कशाला?" स्वेतोझारकाका शांतपणे म्हणाले. "चोरीबिरी काही नाही. दरवर्षी चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली असायची. इतकी फक्कड राकिया, आणि चिठ्ठीवर नाव बाईचं! मीच आपला दरवेळी दुरुस्त करून घ्यायचो."